सीताफळाची चाखणी

प्रतापरावांनी नोटीस माझ्या हातात न देता झाडाला बांधली, तीही प्लॅस्टिकच्या पट्टीने, इतकी घट्ट की साल दबली. नोटीस इंग्रजीत होती. माझ्या सुनेने, राणीने, वाचून दाखवली: मेलेलं झाड पंधरा दिवसांत काढावं, नाहीतर कॉन्डोची, म्हणजे आमच्या सोसायटीची, बाग कमिटी काढेल. मी आधी पट्टी कापली.

झाड मेलेलं नव्हतं. मी त्याला ताण दिला होता.

सीताफळाला सतत पाणी मिळालं की ते पानांतच रमतं, फळाचं नाव काढत नाही. म्हणून पाणी तोडायचं, पानं उतरवायची. झाडाला वाटलं पाहिजे की आता आपलं काही खरं नाही. मग एक दिवस भरपूर पाणी द्यायचं, की ते फुलावर येतं. सिंगापुरात बारा महिने पाऊस, त्यामुळे चार वर्षं माझं झाड नुसतं पोसलं होतं. २०१४च्या जानेवारीत मात्र पाऊस गायब झाला. समुद्रकाठच्या ईस्ट कोस्ट पार्कातलं गवत पिवळं पडलं, लोक हळहळले, आणि मी एका दिवसात झाडाची सगळी पानं काढली. इथे आल्यापासून इतकी खूश मी कधीच नव्हते.

अठ्ठावीस वर्षं मी गावाकडच्या एका फळसंशोधन केंद्रात मजूर होते. संकराचं काम आम्हा बायकांकडे. दुपारी एका झाडाच्या फुलांतला पराग डबीत धरायचा, सकाळी दुसऱ्या झाडाच्या अर्धवट उमललेल्या फुलात ब्रशने फिरवायचा. बिया रुजून नवी झाडं फळाला आली की चाखणी व्हायची. पाच साहेब टेबलाशी बसून चमच्याने खायचे, कागदावर गुण लिहायचे, आणि आम्ही शेजारी ताटल्या धरून उभ्या, त्यांच्या तोंडातल्या बिया झेलायला. चाखणीचं फळ मजुरांनी खायचं नाही, असा तिथला शिरस्ता होता. आमच्या हातांनी केलेला संकर चालायचा, ते हात टेबलावर चालत नव्हते. मी शेकडो संकर केले आणि एकाचीही चव मला माहीत नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी केंद्राने सीताफळाचं काम बंद केलं. माझ्या शेवटच्या संकराच्या अकरा बिया धुऊन ठेवलेल्या होत्या. "टाकून दे, लता," साहेब म्हणाले. मी टाकल्या, माझ्या पिशवीत. माझ्या मुलाने, उज्ज्वलने, रीतसर कागद करून त्या इथे आणल्या. अकरांतलं एक झाड बागेतल्या आमच्या वाफ्यात जगलं. त्याचं फळ कसं लागतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते पहिल्यांदा मी खाणार होते. मला एवढंच हवं होतं.

कमिटीचे सेक्रेटरी प्रतापराव मूळचे ठाण्याचे. मी त्यांना झाडापाशी बोलावून नखाने साल खरवडून दाखवली. आत हिरवीगार होती.

"मान्य आहे, काकू. पण हे हिरवं सातव्या मजल्यावरून दिसत नाही. तक्रारी येतात. थोडं पाणी घाला, पानं आली की मीच नोटीस मागे घेतो."

"पाणी मी चाळीस दिवस झाल्यावर घालणार. आज वीस झालेत."

"आणि नोटिशीची मुदत?"

"ती तुमची आहे. तुम्ही सांभाळा."

माणूस वाईट नव्हता. पण मला आयुष्यात बाजूला उभं केलं ते बहुतेक वाईट नसलेल्या माणसांनीच.

उज्ज्वल मात्र हबकला. तो पाणी शुद्ध करण्याच्या लॅबमध्ये संशोधक आहे. "आई, आपण इथे माझ्या नोकरीच्या परवान्यावर, एम्प्लॉयमेंट पासवर आहोत. कुणी तक्रार केली की मला झोप लागत नाही."

"मग जागा राहा. झाड जागचं हलणार नाही."

पंचविसाव्या दिवशी सकाळी खाली गेले तर बुडाशी माती ओली. फरशीवर ओल्या चपलांचे ठसे आमच्या लिफ्टपर्यंत गेलेले. वर आले तेव्हा उज्ज्वल बुटांच्या नाड्या बांधत होता.

"किती घातलंस?"

"अर्धी बादली."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

माझा तोल गेला. "पाण्याचं एवढं शिकलास, पण ते कधी तोडायचं हे तुला कळत नाही. केंद्रातही माझ्या झाडांचं कुणी मला विचारत नव्हतं. तूही त्यांच्यातलाच झालास."

त्याने मान वर केली नाही. "फक्त नोटिशीची भीती नव्हती, आई. त्या बिया केंद्रातून घरी घेऊन आलीस त्या दिवशी तू उंबऱ्यात बसून रडलीस. हे झाड मेलं असतं तर तू परत तशीच बसली असतीस. मला ते बघवलं नसतं."

त्याने मला तेव्हा पाहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तरी राग गेला नाही. आणि रागावत बसायला वेळही नव्हता. अर्धवट मोडलेला ताण न दिलेल्या ताणापेक्षा वाईट.

"ऊठ, बादल्या भर," मी म्हटलं. "मोडलाच आहेस तर पुरता मोड."

ऑफिसच्या कपड्यांत तो चार बादल्या घेऊन खाली गेला.

मुदतीच्या दिवशी प्रतापराव करवतीसह माळ्याला घेऊन आले. मी सकाळपासून झाडाला पाठ लावून स्टुलावर बसले होते. उज्ज्वल रजा टाकून शेजारी उभा होता.

"काकू, उठा ना."

"उठत नाही. तुम्ही चष्मा लावा आणि वाका."

ते वाकले. फांदीच्या सांध्यांतून तांदळाच्या दाण्याएवढे कोंब डोकावत होते. माळ्याने आपणहून करवत खाली ठेवली.

"एवढंसंच आहे," प्रतापराव म्हणाले.

"एवढंच लागतं."

"आणि फळ नाही आलं तर?"

"तर करवत मी धरीन."

मार्चअखेर पानांआड फुलं आली. मी राणीचा मेकअपचा ब्रश घेतला आणि रोज सकाळी बागेत जाऊ लागले. उज्ज्वलच्या लॅबमधला अमेरिकन म्हणाला, त्यांच्या जंगलात पॉपॉ नावाचं सीताफळाचं भावंड आहे, तिथेही पराग नेणारे किडे कामचुकार आणि लोकांनाच ब्रश फिरवावा लागतो. म्हणजे भाऊबंद सगळीकडे सारखेच. तीन फळं धरली, दोन गळली, एक राहिलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ते पिकलं. बागेतल्या दगडी टेबलाशी चाखणीला कमिटी जमली. प्रतापराव घरून चमचा घेऊन आले होते.

"सुरुवात करू या का, काकू?"

"थांबा. आधी मी."

मी टेबलाशी मधल्या खुर्चीवर बसले, फळ हाताने फोडलं आणि खाल्लं. गर दाट होता, कडेला किंचित रवाळ, आणि गोडीमागे आंबटपणाची एक चुणूक. साहेबांनी दहापैकी पाच दिले असते. मी आठ दिले, आणि मोठ्याने दिले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.

बिया टाकायला मी इकडेतिकडे पाहिलं. उज्ज्वल माझ्या शेजारी ताटली धरून उभा होता. मी घाई केली नाही. एकेक बी चोखून स्वच्छ केली आणि त्याच्या ताटलीत टाकली.