नमुना सात

"चार नंबर?" मदतनीस ओवेनने विचारलं.

"लीड्सचा आहे. दरोडेखोरांत टाक."

"पाच?"

"नट आहे. याने जन्मात मेंढी उचललेली नाही."

थेल्मा डॉड्स नावं न बघता आवाज निवडत असे. वशिला नको म्हणून हा नियम तिनेच घातला होता. संगणकावरचा खेळ सोळाव्या शतकातला, स्कॉटलंडच्या सीमेवरच्या लुटारू घराण्यांचा. सरदार कुठली बोली बोलणार, शिपाई कुठली, सगळं ती ठरवणार. म्हाताऱ्या मेंढपाळासाठी मात्र तिला त्याच सीमेजवळच्या स्वतःच्या कॉकेट खोऱ्यातलाच माणूस हवा होता. घशातून घरंगळत येणारा तिथला 'र' आता मोजक्या म्हाताऱ्यांकडे उरला होता.

नमुना ७. घोगरा आवाज. शब्द न् शब्द इस्त्री केलेला.
शेरा : शहरी माणसाचं सोंग. खोऱ्याशी संबंध नाही. बाद.

नमुना ९.
शेरा : हाच.

शुक्रवारी नऊ नंबरशी करार झाला, तेव्हा ओवेनने नावांचं पाकीट उघडलं.

"सात नंबरही डॉड्सच निघाला. तुझ्या नात्यातला कुणी?"

कथबर्ट. थोरला भाऊ. सोमवारी त्याचं स्वरयंत्र काढणार होते. कर्करोग.

तिने फोन लावला.

"नमुना पाठवतोयस हे मला सांगायचंस तरी, दादा."

"सांगितलं असतं तर तू पेचात पडली असतीस. म्हटलं, आवाज कुठंतरी ऱ्हाईल. माझ्या नाती, बेसीच्या पोरी, खेळत्यात असले खेळ."

"पण आपल्यासारखं का नाही बोललास?"

पलीकडे बराच वेळ खोकला.

"आगं, तुझ्या लग्नात भाषणाला उठलो, तवा तूच कानात म्हणालीस न्हवं? जरा नीट बोल, ही माणसं हसतील. आठवडाभर आरशापुढं घोकलं मी. नीट झालं का?"

"नीट झालं," ती म्हणाली.

शनिवारी ती ध्वनिमुद्रक घेऊन खोऱ्यात गेली.

लाल दिवा लागला. कथबर्टने पाठ ताठ केली, टोपी काढली.
"माझे नाव कथबर्ट डॉड्स. माझा जन्म याच घरात झाला."

"असं नको रे. नेहमीसारखं बोल."

"बरं बरं, तसंच बोलतो की."

पुन्हा दिवा.
"आमच्याकडे एकूण दोनशे मेंढ्या होत्या."

पाच वेळा. सहाव्यांदा तिने यंत्र बंद केलं. त्याची नजर त्यावरच होती, म्हणून बॅटरी काढून त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"जमंना बघ मला," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत बोलू लागला. कुठली मेंढी लंगडतीय, बर्फ भिंतीच्या कुठल्या अंगाला साचतं, त्यात गाडली गेलेली मेंढी बापानं कशी हुडकली. प्रत्येक 'र' घशातून घरंगळत येत होता.

थेल्मा समोर बसून आवाज न काढता ओठ हलवत होती, त्याच्या मागोमाग.