मोहाखालची आग

'भाऊजी, वारा उठला हाय, आता जाळू नका,' एवढं वाक्य रुखमाच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळून टाकलं.

समोर तिचा दीर सुकलू मोहाच्या झाडाखालचा पाला ओढत होता. फुलं पडायच्या आधी झाडाखालची जमीन झाडून पाला जाळायचा, म्हणजे पहाटे फुलं नीट वेचता येतात. पण हे काम दवात, सकाळीच उरकायचं असतं. सुकलू उठलाच उशिरा. आता ऊन डोक्यावर आलं होतं, आणि जाळ आत शिरू नये म्हणून बुंध्यातली पोकळी ओल्या मातीने लिंपायचं तो साफ विसरला होता. रुखमाचा नवरा होता तोवर ते दरवर्षी न चुकता व्हायचं. सासऱ्याच्या वेळेपासून तिचं आणि सुकलूचं, दोन्ही घरं याच झाडावर उन्हाळा काढत आली होती.

"आई, काकाले सांग ना," लेक रीना कुजबुजली.

"तूच सांग. माह्यं कोण आयकते?"

रीनाने हाक मारली. सुकलू फिस्कारला, "तू बी आईसारखी मास्तरीण झाली का?"

त्याच्या रागाला कारण होतं. पाद्री येईनासे झाल्यापासून धानोऱ्याकडच्या त्यांच्या गावात रविवारच्या प्रार्थनेत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं काम रुखमाकडे आलं होतं. मागच्या रविवारी शलमोन राजाची शहाण्या-मूर्खाची वचनं निघाली. मूर्ख कसा असतो हे समजावताना तिने बैल मोकळे सोडून झोपणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नव्हतं. पण साऱ्या माना सुकलूकडे वळल्या आणि पोरंसोरंही खिदळली.

"वहिनी, आजपासून माह्या कामात तोंड घालू नको," प्रार्थनेनंतर बाहेर येऊन तो म्हणाला होता.

म्हणून ती गप्प होती. जीभ आवरण्याचंही एक वचन शास्त्रात आहे, ते तिला आज फार सोयीचं वाटलं. ती थकली होती हे खरंच. घर, शेत, प्रार्थना, सगळ्यांना सांगत सुटायचं आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. पण आजचं गप्प बसणं थकव्याचं नव्हतं. रागालाच तिने शहाणपणाचं लुगडं नेसवलं होतं.

काडी पडली. वाऱ्याने जाळ बुंध्याकडे लोटला आणि पोकळीत शिरला. मग मात्र सारेच धावले. हंडे रिकामे झाले, आग विझल्यासारखी दिसली, पण झाड आतून धुमसतच राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मोह कडाडून आडवा झाला.

सुकलू धुळीत बसून होता. रुखमा जवळ येताच त्याने मान वर केली.

"वहिनी, तुले दिसत होतं ना?"

"हो."

"मंग काऊन नाई बोलली?"

तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता. रुखमाला रडू आलं. "चुकलं माह्यं, भाऊजी," ती म्हणाली. "मले राग होता तुमचा."

उठून त्याने टोपली आणली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. आडव्या पडलेल्या फांद्यांवर फुलांचे घोस अजून ताजे होते. मोहाची फुलं कोणी तोडत नाही, ती पडायची वाट बघतात. त्या दिवशी दीर-भावजय फांदीला हात घालून, खाली मानेने एकेक फूल तोडत राहिली.