वैशूची घागर

मातीची घागर रेल्वेतून कशी न्यायची, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता. माझी भावजय लंका म्हणायची, मी मांडीवर धरून बसेन. माझा भाऊ झुंबर म्हणायचा, चेन्नईला काय कुंभार मेलेत का? आणि मी म्हणायचे, तुम्ही दोघं आधी गप्प बसा. तिकिटं निघाल्याशिवाय घागरही जायची नाही आणि तुम्हीही नाही.

तिकिटं काढायचं काम माझ्याकडे होतं. चारधाम केलेली, रामेश्वर पाहिलेली घरात मी एकटीच. हे दोघं लग्नानंतर नामपूरहून नाशिकला आले आणि इंदिरानगरात जे रुतले ते रुतलेच. झुंबरची सगळी नोकरी ओझरला विमानाच्या कारखान्यात गेली, पण साहेब विमानात कधी बसले नाहीत. रेल्वेतसुद्धा मनमाडच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही. घरकोंबडा म्हटलं की हसायचा. हल्ली हसत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या बागलाणात गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. वर खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या आणि आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवायचा आणि घरच्या पुरुषाने नाव घेऊन पाणी सोडायचं. ते पाणी गेलेल्याला वर्षभर पुरतं म्हणतात. पण लग्न झालेल्या लेकीची घागर माहेरी भरत नाहीत. ती सासरची झाली, तिला पाणी सासरच्यांनी द्यायचं.

आमची वैष्णवी, झुंबर-लंकाची एकुलती एक, भाद्रपदात गेली. साधा ताप म्हणता म्हणता डेंग्यू निघाला आणि चार दिवसांत खेळ आटोपला. ती चेन्नईला दिलेली. पुण्यात नोकरीला असताना तिने सेंथिल नावाचा तिकडचा मुलगा पसंत केला होता. मुलगा चांगला, माणसं चांगली, पण त्यांना आखाजीची घागर कुठून माहीत असणार? लंकाला एकच घोर लागला होता. पहिल्याच आखाजीला पोर तहानलेली राहील.

म्हणून हा सगळा बेत. आम्ही इथून घागर न्यायची, सांजोऱ्या करून न्यायच्या, त्या दिवशी जावयाला पाटावर बसवायचं आणि त्याच्या हातून वैशूच्या नावाने पाणी सोडायचं.

"सांजोऱ्या तिथं टिकतील ना, आक्का? तिकडं लय दमट असतं म्हनत्यात," लंका मला विचारायची.

"तुपात तळ. तू पण टिकशील," मी म्हणायचे. तिने त्यासाठी रवा आणून ठेवला होता. आखाजीच्या आधी घरात आंबा येत नाही आमच्याकडे, पण चेन्नईला हापूस मिळतो का, याचीही तिने शेजारणीकडे चौकशी केली होती. खरं सांगायचं तर भाद्रपदापासून मी तिला पहिल्यांदाच कशात तरी गुंतलेली बघत होते. म्हणून मीही चेष्टा करत राहिले.

वैशू गेली तेव्हा ह्या दोघांना चेन्नई दिसलीच नाही. झुंबरचं मांडीचं हाड मोडलेलं, तो दवाखान्यात पडून होता आणि लंकाला त्याच्यापासून हलता येईना. झुंबरचा पुतण्या संतोष धावत गेला तोवर सगळं उरकलं होतं. अस्थी तिथल्याच समुद्रात सोडल्या. अख्खा मुलूख आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन नाशिकला गोदावरीवर येतो, आणि आम्ही नाशिककर, आमची पोर गेली खाऱ्या पाण्यात. याचा राग मला अजून आहे. कुणावर आहे ते विचारू नका.

तर गाडी ठरली. शिर्डीहून आठवड्यातून एकदा चेन्नईला जाते ती. पैसे भरायच्या आधी जावयाला कळवावं म्हणून संध्याकाळी लंकाने त्याला फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. तिचं हिंदी म्हणजे मराठीलाच "है" लावायचं. तिने घागरीचं सगळं समजावून सांगितलं. रसाचं सांगितलं, पाटाचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "बेटा, तू फक्त अंघोळ करके बैठना. बाकी सब मैं करती."

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं लाइन तुटली.

"अम्मा, उस दिन मेरा एंगेजमेंट है," सेंथिल म्हणाला. "माँ की तबीयत ठीक नहीं है, बहुत जल्दी कर रही है। सबने बोला, दिन अच्छा है।" आणि तो रडायला लागला. मोठा बाप्या, पण हमसून हमसून.

दिवस चांगला आहेच. साडेतीन मुहूर्तांतला. पंचांग काही आमच्या एकट्यांसाठी छापत नाहीत. तरी माझं डोकं तापलं, खोटं कशाला बोलू? वर्षही झालं नव्हतं. चार शब्द सुनवावे म्हणून मी फोनकडे हात केला, पण लंकाने तो छातीशी धरला.

"रो मत बेटा," ती म्हणाली. "सुखी रहो. उस पोरीको भी सांभालना." फोन ठेवून ती भिंतीला टेकून बसली. घागर समोरच होती, कोरी, अजून पाणीसुद्धा न लागलेली. मग तिने झुंबरकडे पाहिलं. इतकी वर्षं शहरात काढली, पण जीव कासावीस झाला की तिच्या तोंडी अहिराणीच येते.

"आहो, मनी पोर आते कोनी शे?"

माझी पोर आता कुणाची? ज्या घरी दिली, तिथे दुसरी सून येणार. आपल्या घरातून तर आपणच अक्षता टाकून वाटे लावलेली.

"तुमी एकदा तरी गेले का तिला आनायला?" लंका पुढे म्हणाली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "आखाजीला लेक माहेरी येते, पन माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय येत नाय. दिवाळीला यायची एकटी. आखाजीला नाय आली. म्हनायची, नाना न्यायला येतील तवाच येईन. दरसाल फोन करायची. आन तुमी दरसाल म्हनायचे, पुढच्या आखाजीला."

झुंबर मान खाली घालून ऐकत होता. त्याला मुलीच्या सासरी जायची भीती वाटायची, हे मला ठाऊक आहे. तिथे बोलू काय, खाऊ काय, हसतील आपल्याला. एवढंच कारण. लहानपणी जत्रेतसुद्धा माझा पदर सोडायचा नाही हा माणूस. मला त्याची दया आली आणि दोन थोबाडीत द्याव्या असंही वाटलं.

तो उठला, लंगडत गॅलरीत गेला, रस्त्याकडे बघत उभा राहिला. परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते.

"आक्का, तिकिटं काढ. पन आखाजीच्या आधी परत यायचं."

"आता कशाला जायचं? जावयाच्या घरात पाऊल ठेवायचं नाही आता," मी म्हटलं.

"त्याच्या घरी कोन जातंय? समुद्रावर जायचं. तिला घेऊन यायचं."

"अरे, समुद्र केवढा असतो, पाहिलाय का तू? रामेश्वरला मी—"

"असू दे केवढा बी. मी हाक मारीन. माझा आवाज वळखते ती. मुराळी बनून चाललोय. सन हितं होईल तिचा. घागर मी भरनार. कोन काय बोलायचं ते बोलू दे."

लंकाने वर पाहिलं. मी मोबाइल हातात घेतला, कारण मला दुसरं काही सुचेना.

"जाताना दोन," झुंबर म्हणाला. "येताना तीन."

"मी नाही येत रे बाबा. माझे गुडघे..."

"तुझं नाय म्हनत, आक्का."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चष्मा पुसला, पुन्हा लावला, तरी अक्षरं नीट दिसेनात. रिकाम्या जागेचे पैसे भरायचे म्हणजे वेडेपणा, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. वैष्णवी लिहिलं. पुढे बापाचं नाव लिहिलं, आडनाव आमचं लिहिलं. लंका सरकत माझ्याजवळ येऊन बसली आणि मोबाइलमध्ये बघायला लागली.

"वरचा बाक भेटतो का बघा तिला," ती म्हणाली. "खाली झोप नाय लागत तिला."

वरचा बाक टाकला. खाली वय विचारलं होतं. मी थांबले. येत्या श्रावणात तिला बत्तीस पूर्ण झाली असती. झुंबरने तोंड फिरवलं.

"एकतीस टाका, आक्का," लंका म्हणाली. "आता तेवढंच राहनार."

मी एकतीस टाकलं.