शनिवारचा तीनचा खेळ

सासूबाईंना पिक्चर दाखवायचा म्हणजे अडीच तास त्यांच्या कानाला लागून बसायचं. त्यांच्या नजरेचा मधला भाग दोन वर्षांपूर्वी गेला. कडेकडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे पडद्यावर कोण आलं, कुणी कुणाकडे बघितलं, हे मी कुजबुजत सांगायचं. कुजबुजले की मागचे लोक श्श् श्श् करतात, नाही कुजबुजले की सासूबाई कोपरानं ढोसतात. नवऱ्याला पिक्चरच्या नावानंच जांभया येतात, म्हणून हे काम माझ्या गळ्यात.

बरं, बघून गप्प बसतील तर त्या सासूबाई कसल्या. रविवारी सकाळी शेजारच्या हेडबाई येतात. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून शाळेतलाच आहे. दोघी एकच पिक्चर ठरवून आपापल्या वेळेला बघतात आणि आमच्या बाहेरच्या खोलीत त्याची चिरफाड करतात. "हिरॉइनच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती," असं सासूबाई ठणकावून सांगतात, तेव्हा ते माझंच वाक्य असतं. माझं नाव काही निघत नाही.

मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या पानांच्या घड्या, सुईदोऱ्यानं शिवते. शाळा उघडायच्या आधीचा महिना म्हणजे मरमर. त्या आठवड्यात रोज दोन तास जास्त थांबले होते. शनिवारी गार अंधारात, मऊ खुर्चीत, मध्यंतरानंतर कधी डोळा लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा पडद्यावर नावं चढत होती आणि सासूबाई विचारत होत्या, "शेवटी मुलगा काही बोलला नाही तो?"

"रडत होता," मी म्हटलं. "बापाला मिठी मारून."

अडीच तास बापाशी भांडलेला मुलगा शेवटी दुसरं काय करणार?

रविवारी हेडबाई बसता बसताच म्हणाल्या, "शेवट मला आवडला. बापाच्या तोंडावर दार आपटून निघून गेला ते बरं केलं."

"दार कुठलं? मिठी मारतो तो," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, मी डोळ्यांनी बघितलं."

"माझ्या सुनेनंही डोळ्यांनीच बघितलं."

"मग सून थापा मारते तुम्हाला."

"ती कशाला थापा मारेल? तुम्हीच चष्मा बदला."

मी स्वयंपाकघरात कपबशा घेऊन उभी. चांगला अर्धा तास हे चाललं. मग हेडबाईंनी आवाज एकदम मऊ केला. "जाऊ दे. तुम्हाला दिसत नाही, तुम्ही तरी काय करणार. यापुढे आपण दुसरंच काही बोलत जाऊ."

दुसरं काही म्हणजे गुडघे आणि गोळ्या. आठवड्यातून एकदा सासूबाई तावातावानं बोलतात, तेही माझ्या एका डुलकीपायी जाणार होतं.

मी चहा घेऊन बाहेर आले. "हेडबाई, मी झोपले होते. शेवट मी मनानं सांगितला. आईंना बाकीचा सगळा पिक्चर पाठ आहे, हवं तर विचारून बघा."

हेडबाईंनी काही विचारलं नाही. "पुढच्या रविवारी बघू कोण काय बघतं ते," असं पूर्वीच्याच आवाजात म्हणून चहा संपवून गेल्या. सासूबाई मात्र तोंड फिरवून बसल्या. मी माफी मागायला गेले.

"झोपली होतीस ते माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "घोरत होतीस. आणि ते दार एवढ्या जोरात आपटलं, माझे कान शाबूत आहेत अजून."

"मग अर्धा तास भांडलात कशाला?"

"ती तुला थापाडी म्हणेल आणि मी ऐकून घेऊ? जिंकत आले होते. तू मध्येच येऊन कबूल करून बसलीस."

मी कपाळाला हात लावला. "मला उठवायचं तरी."

"तुझा हात होता माझ्या हातात. बोटांची चाळण झालीय नुसती, कशी उठवू?" त्यांनी रिकामी कपबशी चाचपडत माझ्याकडे सरकवली. "येत्या शनिवारी झोप आली तर सरळ झोप. पण काही रचून सांगू नकोस. तुला जमत नाही ते."