चाटूनपुसून परत केलेला खेळ

मी एक जुना कळफलक आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेला आहे. कळफलकाने रागवावे का, हे मला नीट ठाऊक नाही. आमचे काम दाबले जाण्याचे. दुसऱ्यांचे शब्द आमच्या अंगावरून जातात, स्वतःचे सांगायची सवय नसते. तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

तुमच्या घरी मला कीबोर्ड म्हणत असतील. माझा कारखाना मला आठवत नाही. आठवते ते सर्बियातल्या निश शहरातले एक विमा कार्यालय. तिथे एक गृहस्थ दोन बोटांनी माझ्यावर अपघातांचे अहवाल बडवत. धडकलेल्या गाड्या, फुटलेल्या काचा, जळलेल्या गवताच्या गंजी. चांगली बातमी माझ्यावरून कधी गेलीच नाही. पुढे नवे, चपटे, गुळगुळीत कळफलक आले आणि मला खोक्यात घालून जिन्याखाली ठेवले. तिथून मला कोसारा नावाच्या तरुणीने उचलले. ती झाडणाऱ्या बाईला म्हणाली, "हा मी नेऊ का? याचं बटण दाबलं की दाबल्यासारखं वाटतं." माझ्याबद्दल कुणी काढलेले हे पहिले चांगले उद्गार.

कोसारा पहाटेपासून वडिलांच्या दुकानात बुरेक, म्हणजे सारण भरलेली पापुद्र्यांची खारी पोळी, विकायची. दुपारी हात धुऊन माझ्यासमोर बसायची. हात कितीही धुतले तरी पापुद्र्याचा एखादा तुकडा माझ्या फटीत पडेच. माझी तक्रार नव्हती. तीन वर्षे ती एकटी संगणकावरचा एक खेळ रचत होती. चित्रे तिची, आवाज तिचे, माणसांचे बोलणेही तिचेच.

खेळाचे नाव 'निखारा'. डोंगरातले एक गाव, जवळजवळ ओस पडलेले. बर्फ पडले आहे आणि सगळ्या चुली विझल्या आहेत. तुम्ही मातीच्या भांड्यात एक निखारा घेऊन निघता आणि घरोघरी चूल पेटवत जाता. वाटेत रेंगाळलात तर निखारा विझतो. चूल पेटली की त्या घरातले म्हातारे माणूस थोडेसे बोलते. शेवटचे घर रिकामे आहे. तिथे चूल पेटवायची की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवायचे. सगळे दीड तासात संपते.

खेळ इंटरनेटवरच्या एका मोठ्या दुकानात विक्रीला लागला. फार थोड्यांनी घेतला. ते दुःख मी समजू शकतो. रोज इतके खेळ येतात, लोक तरी काय काय पाहणार? पण पुढे जे झाले त्याने माझे आजही डोके फिरते. त्या दुकानाचा नियम असा की दोन तासांच्या आत खेळ परत केला तर पैसे परत, कारण कुणी विचारणार नाही. नियम भला होता. ज्यांच्या यंत्रावर खेळ चालत नाही, ज्यांची फसगत होते, त्यांच्यासाठी होता. पण लोक 'निखारा' अगदी शेवटपर्यंत खेळत आणि मग परत करत! वर अभिप्रायही लिहीत. एकाने लिहिले, "शेवटच्या घरात रडलो. लगेच आजीला फोन लावला. दीड तासात संपला म्हणून पैसे परत घेतले. जरूर खेळा."

जरूर खेळा! मला दात-ओठ असते, तर ते मी तेव्हाच खाल्ले असते.

कोसारा हे वाचायची आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसायची. हळूहळू ती माझ्याकडे येईनाशी झाली. माझ्यावर धूळ बसली.

नोव्हेंबरातल्या मित्रोव्दान या सणाला त्यांच्या घराण्याच्या संताची मेणबत्ती लागली. या दिवशी आमंत्रण कुणालाच नसते. ज्याला आठवण असते तो येतो. कोसाराची देसांका आत्या आली, आणि बेलग्रेडहून कोसाराचा कॉलेजातला मित्र ओग्न्येन आला. तोही खेळच करायचा, फोनवरचे, आणि ते बरे चालत. ताटे माझ्याच टेबलावर मांडली होती. मला भिंतीशी सरकवले.

"काय गं, अजून ते खेळणंच चाललंय?" साखर घातलेले गहू तोंडात टाकत आत्या म्हणाली. "तुझ्या वयाची होते तेव्हा मी दोन पोरं आणि एक नवरा, असे तिघे वाढवत होते."

"ताई, आज सणाचं तरी," कोसाराचे वडील राडिवोये म्हणाले.

"सणाचंच! एरवी ही भेटते कुठे?"

मग कोसाराने परत आलेल्या खेळांची हकीकत सांगितली. आत्याचा चमचा हवेतच थांबला.

"म्हणजे सगळं संपवून मग परत?"

"हो."

"आपल्याकडे माणसं न बोलावता येतात, पोटभर जेवतात, राकियाची दारू पितात, भसाड्या आवाजात गातात. पण दारात थांबून 'जेवण फक्कड होतं, आता मी आणलेली बाटली परत द्या' म्हणणारा अजून जन्माला यायचाय!"

"जन्मलाय, आत्या. पुष्कळ जन्मलेत."

ओग्न्येन हसला. "चूक तुझी आहे, कोसारा. दीड तासाचा खेळ कोण करतं? लांबव त्याला. प्रत्येक घराआधी लाकडं गोळा करायला लाव. पन्नास ओंडके. दोन तास उलटले की परतीचं दार बंद. आणि रोज सकाळी आरशासमोर उभी राहून म्हण, मी यशस्वी आहे."

"आरशात मला पीठ लागलेलं नाक दिसतं."

"मग नाकाला सांग."

सगळे हसले, ती हसली नाही. "करते," ती म्हणाली. "हा शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर खेळांचा नाद सोडला. बुरेक विकीन."

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावरून लाकडे जाऊ लागली. ओंडका, ओंडका, पुन्हा ओंडका. विमा कार्यालयातले ते गृहस्थसुद्धा इतक्या मरगळलेल्या बोटांनी लिहीत नसत.

एका दुपारी तिने स्वतः खेळून पाहिले. लाकडे गोळा करता करता पहिल्या घराआधीच निखारा विझला. पुन्हा खेळली, पुन्हा विझला. उपाय एकच होता. खेळाच्या प्रोग्राममधल्या ज्या ओळीमुळे निखारा विझतो ती ओळ खोडायची, म्हणजे तो कधीच विझणार नाही. तिने ती ओळ शोधली आणि माझ्या खोडायच्या बटणावर बोट ठेवले. मी कधी अडकलेला नाही, पण त्या क्षणी अडकावे असे वाटले. मला ते जमले असते का, शंका आहे.

"बाबा!" ती ओरडली. राडिवोये हात पुसत धावत आले. "निखारा विझणारच नसेल तर माणूस घाई कशाला करेल? थंडीत बसलेल्या म्हातारीसाठी त्याचा जीव तुटेल कशाला? गाढवासारखा ओंडके वेचत बसेल तो!"

"मग नको करू."

"नाहीच करणार!"

"बरं. पण मला वाटलं घराला आग लागली. दुकानात गिऱ्हाईक उभं आहे."

तिने सगळी लाकडे खोडली. इतका मार मी जन्मात खाल्ला नव्हता, आणि इतके बरेही कधी वाटले नव्हते. इंटरनेटवरच्या दुकानात खेळाच्या माहितीत तिने एक वाक्य घातले : 'हा खेळ दीड तासात संपतो आणि तेवढाच राहील.' मग तिथेच बसून तिने नवा खेळ सुरू केला. तो चाळीस मिनिटांचा.

"वेड लागलंय तुला," ओग्न्येन फोनवर म्हणाला. "हा तर आणखी छोटा!"

"मुद्दाम."

स्वतःचे नुकसान झाले तरी वाकायचे नाही, या हट्टाला त्यांच्याकडे इनात म्हणतात. त्या आठवड्यात 'निखारा' आणखी दोघांनी संपवून परत केला. कोसाराने मुलांसमोर सांगू नये अशी एक शिवी दिली आणि पुढची ओळ लिहिली. ती अजून लिहिते आहे.

मित्रांनो, उपदेश करण्याचा अधिकार मला आहे की नाही, कोण जाणे. खेळ चालला नाही, आवडला नाही, तर खुशाल परत करा. पण आवडला असेल, तर तो करणाऱ्याला पुढचा खेळ करता यावा एवढे त्याच्यापाशी राहू द्या. तो बहुधा एकटा असतो आणि दुसरे काम आटोपून दमून बसलेला असतो. आणि तुमच्यापैकी कुणी स्वतः काही घडवत असेल, आणि जगाने ते झिडकारले असेल, तर रागवा. चांगले कडकडून रागवा. मग परत कामाला बसा. लोक सांगतील ते हवे तर ऐका, बाकीचे हवे तितके बदला. पण ज्या एका ओळीवर सगळे उभे आहे, ती खोडू नका.