नळीतली गुठळी

साहेब, तुम्ही माझ्या पोरीला जिवंतपणी मारलंत. नाक टोचल्यावर हंसाचं रक्त दुसऱ्या दिवशीही थांबेना, म्हणून निर्मळहून तुमच्या दवाखान्यात आणली. तुम्ही पापणी ओढलीत, अंगावरचे काळेनिळे डाग पाहिलेत आणि म्हणालात, "रक्ताचा कॅन्सर. घरी न्या, हवं ते खायला घाला." वरून, दुखतंय म्हणून ॲस्पिरिन दिलीत. रक्त आणखीच वाहिलं.

वाडीतल्या बायका शेवटचं बघायला येऊ लागल्या. हंसा म्हणाली, "बाबा, ह्या माझ्याकडे बघून रडतात का?"

मी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेली. तिथं डॉक्टर क्लेमेंटीनबाई, आमच्या वसईकडच्याच. त्यांनी विचारलं, "कापलं-खरचटलं तर घरी काय करता?"

"केळीचा चीक लावतो," माझी बायको सुभद्रा म्हणाली. "सगळ्यांचं थांबतं. हिचंच नाही."

"तुम्ही दोघं नात्यातले?"

"मामाची मुलगी केली. आमच्यात चालतं," मी म्हणालो.

"चालतं कसलं!" सुभद्रा म्हणाली. "दुसरी नकोच म्हणून अडून बसले होते."

बाई हसल्या. त्यांनी हंसाचं रक्त काचपट्टीवर तपासलं, मग थोडं नळीत ठेवलं. शेजारच्या नळीत माझं. दोन्ही गोठली. तासाभरात माझी गुठळी आकसली, भोवती पिवळं पाणी सुटलं. हंसाची होती तशीच, नळीभर.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "रक्त थांबवणारे बारीक कण असतात, प्लेटलेट. ते हिच्यात पुरेसे आहेत. पण त्यांच्या आवरणातून आरपार गेलेलं, साखर जोडलेलं एक प्रथिन असतं. त्याच्या जोरावर ते एकमेकांना धरतात आणि गुठळी आवळतात. हिच्यात ते जन्मापासून नसावं. तुम्हा दोघांकडून एकेक बिघडलेला वाटा आलाय."

"मरणार नाही ना?" मी विचारलं.

"जपलं तर म्हातारी होईल. ॲस्पिरिन कधीच नको. दात काढताना, बाळंतपणात चढवायला रक्त हाताशी ठेवायचं."

"बाळंतपणात?" सुभद्रा माझ्याकडे वळली. "अहो, ऐकलंत का? बाई हिच्या बाळंतपणाचं बोलतायत!" आणि डोळ्याला पदर लावून हसत सुटली.

"शी! आई, गप्प बस ना," हंसा म्हणाली. "मला भूक लागलीय."

आम्ही तिघं इस्पितळाबाहेर उसळपाव खात उभे राहिलो. इतकं हलकं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

पण साहेब, तुमचं ते बोलणं मनातून सुटत नाही. नळीभर रक्त न बघता कॅन्सर म्हणालात. अजून किती घरांत असं सांगून ठेवलंय? कुणाच्या पोरी त्या? मला नावं हवीत. सांगा.