शून्याची पाटी

खोक्यांच्या कारखान्यातल्या नोंदणी कारकुनाला सगळे शब्दकाका म्हणत. आठवीत शाळा सुटली, पुढचं इंग्रजी तो खोक्यांवरची अक्षरं वाचत शिकला. एकाच अर्थाच्या वाटणाऱ्या शब्दांनी त्याला इतके चटके दिले होते, की त्याने असल्या जोड्यांची वहीच केली होती. 'हिअर' म्हणजे कानावर पडणं, 'लिसन' म्हणजे कान देऊन ऐकणं. खाली त्याने खरडलं होतं : साहेब लोक नुसतं हिअर करतात.

त्या दुपारी कापणीच्या यंत्राने ते चालवणाऱ्या ताईच्या बोटाचं टोक नेलं. ती दवाखान्यात गेली, रक्त पुसलं गेलं, आणि तासाभरात सुपरवायझर रजिस्टर घेऊन काकाच्या टेबलाशी हजर.

"काका, लिहा. इन्सिडेंट."

"बोट गेलंय तिचं."

"अख्खं कुठे? टोक गेलंय. आणि तुम्हीच शिकवलंत ना, इन्सिडेंट म्हणजे घडलेली कुठलीही गोष्ट? घडलीच की!"

शिकवलं होतं खरं, याच टेबलावर, चहा पिता पिता. तेव्हापासून या गड्याने भाजलेला हात, फुटलेलं डोकं, चिरलेली पोटरी, सगळं इन्सिडेंटात कोंबलं होतं. तिन्ही नोंदी काकाच्याच वळणदार अक्षरात.

ॲक्सिडेंट लिहिला की नियमाने यंत्र बंद, तपासणी, आणि पात्यापुढची जाळी परत बसवायची. ती जाळी काम मंदावते म्हणून चार महिन्यांपूर्वी काढून टाकली होती. इन्सिडेंट लिहिला की यंत्र चालू. उद्या सकाळी त्यावर ताईची धाकटी जाऊ बसणार होती, जी आज पलीकडे खोकी चिकटवत होती.

"उद्या दोनशे पुरे होतात," सुपरवायझर दाराकडे बोट करून म्हणाला. "मोठे साहेब फोटोला येणार. घोळ नको."

दारावर फळा होता : ॲक्सिडेंटविना दिवस. खाली तीन खिळे, त्यांवर पत्र्याचे आकडे. आज १९९. रोज आकडा बदलायचं कामही काकाचंच.

काका दमला होता. माणसं साळसूद शब्दांच्या पदराआड लपतात आणि तो पदर शिवून देणारा शिंपी आपणच, हे कळल्यावर हाडं जड होतातच.

"तुला मी अर्धाच फरक शिकवला," तो म्हणाला. "उरलेला ऐक. माणसाला इजा झाली, की तो ॲक्सिडेंट. आणि जाळी जाणूनबुजून काढली असेल, तर ॲक्सिडेंट म्हणणं हीसुद्धा तुला सवलतच."

"काका, आठ महिन्यांत रिटायर होऊन सुटाल. कशाला पायावर धोंडा मारून घेता?"

"पाय माझा आहे ना? बोटं दुसऱ्यांची जातायत."

त्याने ॲक्सिडेंट लिहिलं. मग पानं उलटून जुन्या तिन्ही नोंदी खोडल्या, शेजारी तोच शब्द लिहिला, सही केली. उद्यासाठी घासूनपुसून ठेवलेली दोन शून्यं खणात चकचकत होती. त्यातलं एक घेऊन तो कण्हत स्टुलावर चढला. १९९ उतरवलं, मधल्या खिळ्यावर शून्य अडकवलं.

"साहेबांना काय सांगू मी?" सुपरवायझर ओरडला.

"आकडा सांग."

नियमाप्रमाणे कापणीचं यंत्र थांबलं. धाकटी जाऊ हात पुसत फळ्याखाली येऊन उभी राहिली.

"काका, जाळी कधी बसणार?"

"ठाऊक नाही, पोरी. बसेपर्यंत तू बसू नकोस."